‘इतर’ या सदरातील घोटा : निदान, नोंद व संकेतांक यांची चिकित्सा

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत घोटा व पाऊल यांच्या ‘इतर’ अर्जित विकृतींसाठी एम २१.६ हा संकेतांक आहे. प्रस्तुत लेखाचा आक्षेप ‘इतर’ या शब्दावर नसून तेथेच थांबणाऱ्या नोंदीवर आहे.

हट्टा (ता. वसमत, जि. हिंगोली) येथील एखाद्या शेतमजुराचे उदाहरण कल्पून पाहू. त्याचा घोटा वाकडा आहे. पोलिओ, कुष्ठरोग किंवा चुकीचे जुळलेले हाड, यांपैकी कोणतेही कारण संभवते. एम २१.६ विकृतीचे स्थान सांगतो, कारण सांगत नाही. पोलिओच्या उत्तरपरिणामांसाठी बी ९१ आणि कुष्ठरोगाच्या उत्तरपरिणामांसाठी बी ९२ हे संकेतांक त्यासोबत जोडता येतात. ते न जोडणे हा वर्गीकरणाचा नव्हे, नोंदीचा दोष होय. पाय डावा की उजवा, विकृती हाताने सरळ होते की नाही, घोटा किती अंश हलतो आणि भार देऊन काढलेल्या क्ष-किरण चित्रात काय दिसते, हे शब्दांतच लिहावे लागते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील ४० टक्के ही मर्यादा ठरविताना अशा तपशिलांचाच आधार लागतो. केवळ संकेतांकावरून टक्केवारी निघत नाही. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. पोलिओने वाकलेले पाय मात्र आजही चालत आहेत. बी ९१ गाळल्यास ती माणसे गणनेतूनही गळतात, हे नोंद करणाऱ्याने विसरू नये.