श्वानदृष्टीचे निवेदन : 'स्किनी पपी' या बँडचे ध्वनिरूप

गाण्यातले शब्द कळत नाहीत ही लोकप्रिय संगीताविषयीची जुनी तक्रार आहे. कॅनडातील व्हँकूव्हर शहरात १९८२ साली उभ्या राहिलेल्या 'स्किनी पपी' या बँडच्या संदर्भात मात्र ही तक्रार म्हणजेच विवेचनाचा आरंभबिंदू होय. या बँडच्या गाण्यांत शब्द आहेत, ते छापूनही आलेले आहेत, आणि तरीही ऐकताना ते शब्द म्हणून हाती लागत नाहीत. ही दुर्बोधता हा ध्वनिमुद्रणातील दोष मानायचा, शैलीचा हट्ट मानायचा, की निवेदनाच्या एका निश्चित भूमिकेतून आलेली ती अपरिहार्यता आहे? बँडच्या चार दशकांच्या वाटचालीचा अर्थ या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

उत्तराचा धागा बँडच्या नावातच सापडतो. 'स्किनी पपी' म्हणजे हडकुळे कुत्र्याचे पिल्लू. संस्थापक सेव्हिन की यांची मूळ कल्पना अशी होती की जग कुत्र्याच्या डोळ्यांनी पाहावे. येथे कथनमीमांसेच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट घडते. पंचतंत्रापासून चालत आलेल्या परंपरेत प्राणी बोलू लागतो तो माणसासारखा. त्याला नीती कळते, युक्तिवाद साधतो, प्रसंगी सुभाषितही सुचते. म्हणजे तेथे प्राणी हा मानवी निवेदकाचा केवळ वेश असतो. या बँडने वेश नाकारला. प्राण्याला भाषा नाही ही गोष्ट प्रामाणिकपणे स्वीकारली, तर त्याच्या दृष्टीतून केलेले निवेदन भाषेच्या काठावरच घुटमळत राहणार. गायकाचे आणि वादकाचे पाळण्यातले नावही एकच, केव्हिन. एकाने ते उलटे करून 'निव्हेक ओगर' हे नाव घेतले, दुसऱ्याने आद्याक्षर बदलून 'सेव्हिन' केले. माणसाची ओळख अशी उलटीपालटी करून ठेवण्यात पोरकटपणाचा अंश आहे हे खरे. पण पुढील काळात याच पोरकटपणाला वजन आले.

ज्या संगीतप्रकारात हा बँड गणला जातो त्या 'इलेक्ट्रो-इंडस्ट्रियल'ची पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येते. यंत्राच्या गोंगाटालाही संगीतात स्थान हवे, असे इटालियन फ्यूचरिस्ट लुइजी रुसोलो यांनी १९१३ सालच्या आपल्या जाहीरनाम्यात मांडले होते. १९७६ साली इंग्लंडमधील 'थ्रॉबिंग ग्रिसल' या गटाने 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' ही संस्था काढली, आणि 'इंडस्ट्रियल' हे नाव रूढ झाले. त्यांचा गोंगाट मुद्दाम बेताल, श्रोत्याला दूर ढकलणारा होता. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी सिंथेसायझर व ड्रम मशीन सामान्य वादकाच्या आवाक्यात आल्यावर या गोंगाटाखाली नाचता येईल असा ठोका आला. कानाला नकोसे वाटणारे आणि शरीराला हवेसे वाटणारे एकाच वेळी वाजू लागले. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर ही विरोधलय आहे, आणि या प्रकाराचे सारे सामर्थ्य तिच्यातच आहे.

'रिमिशन' (१९८४) आणि 'बाइट्स' (१९८५) या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत ही लय अजून भाबडी आहे. सेव्हिन की आधी 'इमेजेस इन व्होग' या पॉप धाटणीच्या बँडमध्ये ड्रम वाजवत. त्या संस्काराची स्वच्छ चौकट 'स्मदर्ड होप' किंवा 'असिमिलेट' यांत सरळ दिसते. वरून ओगर यांचा खरखरीत, प्रतिध्वनीत बुडवलेला आवाज येतो. चौकट आणि आवाज एकमेकांशेजारी उभे आहेत, एकमेकांत शिरलेले नाहीत. १९८६ साली सिंथेसायझरवादक बिल लीब बाहेर पडून 'फ्रंट लाइन असेम्ब्ली' हा स्वतःचा बँड काढतात आणि अभिजात पियानोवादनाचे शिक्षण घेतलेले ड्वेन गेटल येतात, तेव्हा हे शेजारपण संपते. गेटल यांच्यासोबत सॅम्पलर या यंत्राचा खरा उपयोग सुरू झाला. 'माइंड : द पर्पेच्युअल इंटरकोर्स' (१९८६) आणि 'क्लीन्स फोल्ड अँड मॅनिप्युलेट' (१९८७) या अल्बमांत चित्रपटांतील संवाद, बातम्या, किंकाळ्या यांचे तुकडे मूळ संदर्भातून उचकटून तालात ठोकले जातात.

सॅम्पलिंगची चर्चा बहुधा आंतरसंहितात्मकतेच्या अंगाने केली जाते, आणि ती गैर नाही. परंतु येथे काम वेगळे आहे. या गाण्यांत जे शब्द स्वच्छ ऐकू येतात ते जवळजवळ नेहमी उसने असतात. वृत्तनिवेदक, डॉक्टर, चित्रपटातले पात्र, म्हणजे ज्यांना समाजाने बोलण्याचा अधिकार दिला आहे, त्यांचे उच्चार स्पष्ट. आणि गाण्याचा स्वतःचा 'मी' मात्र अस्पष्ट. घरातल्या कुत्र्याला दूरचित्रवाणी जशी ऐकू येत असेल, तशी ही रचना आहे. माणसांची भाषा सर्वत्र आहे, तिचा सूर कळतो, धोका कळतो, अर्थ पोहोचत नाही.

'व्हिव्हिसेक्टसिक्स' (१९८८) या अल्बममध्ये ही भूमिका आपल्या विषयाला येऊन भिडते. जिवंत प्राण्यांवरील प्रयोग हा तो विषय. शीर्षकातील रोमन अंकांत सैतानाचा ६६६ हा आकडा दडवलेला आहे. या अल्बममध्ये विषारी वायूच्या हल्ल्यावर आणि रुग्णालयीन कचऱ्यावरही गाणी आहेत. केंद्रस्थानी मात्र प्रयोगशाळेतला कुत्रा आहे. 'टेस्चर' या गाण्यात 'द प्लेग डॉग्ज' (१९८२) या सचेतपटातील संवाद वापरले आहेत. त्या चित्रपटात प्रयोगशाळेतून निसटलेले कुत्रे माणसांच्या भाषेत बोलतात. म्हणजे या बँडच्या कुत्र्याला स्पष्ट शब्द मिळतात तेही माणसांनी लिहून दिलेलेच. गाण्याचा ठोका नृत्यशाळेत चालेल इतका सरळ आहे, आणि त्यावर नाचणाऱ्याला आपण कशावर नाचतो आहोत हे मध्येच उमगते. आशय आणि रूपबंध यांतील ताण बँडच्या कारकिर्दीत इतका नेमका पुन्हा क्वचितच साधला.

याच वर्षीच्या दौऱ्यात ओगर रंगमंचावर भुसा भरलेल्या एका खोट्या कुत्र्याची चिरफाड करीत. सिनसिनाटी येथे प्रेक्षकांपैकी कोणाला तो कुत्रा खरा वाटला. पोलिस आले आणि बँडच्या सदस्यांना अटक झाली. ही घटना सहसा गमतीदार किस्सा म्हणून सांगितली जाते. भारतीय काव्यशास्त्राच्या दृष्टीने ती अधिक बोलकी आहे. जुगुप्सा हा स्थायीभाव बीभत्स रसात परिणत होण्यासाठी साधारणीकरण घडावे लागते. समोरचे दुःख 'याचे', 'माझे' अशा व्यक्तिसंबंधांतून सुटावे लागते. तक्रार करणाऱ्या प्रेक्षकापुरते हे घडले नाही. अभिनवगुप्तांनी ज्यांना रसविघ्ने म्हटले त्यांतलाच हा प्रकार. पण बँडला हेच विघ्न तर हवे होते. खोट्या कुत्र्यासाठी पोलिस धावून येतात, आणि प्रयोगशाळेतल्या खऱ्या कुत्र्यांसाठी कोणी येत नाही. रस निष्पन्न न होणे हाच या प्रयोगाचा आशय ठरतो.

'रेबीज' (१९८९) हा अल्बम 'मिनिस्ट्री'च्या अल जोर्गेन्सन यांच्या सहभागामुळे गाजला. नावात कुत्र्याचा रोग आहे, ध्वनीत मात्र गिटारची नेहमीची पुरुषी गुरगुर. 'वर्लॉक' वगळता त्यावर रेंगाळण्याचे कारण नाही. 'टू डार्क पार्क' (१९९०) मध्ये गिटार मागे हटते, विषय प्रयोगशाळेपुरता न राहता विषारी झालेल्या भूमीपर्यंत पसरतो, आणि ध्वनीची वीण इतकी दाट होते की ताल शोधावा लागतो.

या वाटेचे टोक म्हणजे 'लास्ट राइट्स' (१९९२). ओगर यांच्या व्यसनाच्या अत्यंत बिकट काळात हा अल्बम तयार झाला. एलेन स्कॅरी यांनी 'द बॉडी इन पेन' (१९८५) या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की तीव्र शारीरिक वेदना भाषेला केवळ दाद देत नाही असे नाही, ती भाषा मोडून टाकते आणि माणसाला भाषापूर्व ध्वनींपर्यंत मागे नेते. या अल्बममध्ये हीच प्रक्रिया ऐकू येते. पूर्वीच्या अल्बमांत माणूस कुत्र्याची भूमिका करीत होता. येथे भूमिका करण्याइतके अंतर उरलेले नाही. 'किलिंग गेम'मध्ये गती मंदावते, स्वरावली करुण होते, आणि आवाज रडण्याच्या इतका जवळ येतो की विरूपणाची यांत्रिक प्रक्रिया ही लपण्याची जागा वाटू लागते. अखेरच्या 'डाउनलोड'मध्ये गाणे म्हणून ओळखता येईल असे काही काळाने उरतच नाही; अकरा मिनिटांच्या आसपास चाललेला तो ध्वनीचा लय आहे, 'लय' या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी. टिमोथी लिअरी यांच्या ध्वनिमुद्रित आवाजाच्या वापराला परवानगी न मिळाल्याने या अल्बममधील एक गाणे गाळावे लागले. उसन्या आवाजांवर उभ्या राहिलेल्या कलेला आवाजांची मालकी अशी आडवी आली.

पुढचा इतिहास झपाट्याने सरतो. 'द प्रोसेस' या अल्बमच्या निर्मितीत निर्माते बदलले, मतभेद विकोपाला गेले, ओगर १९९५ साली बाहेर पडले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने ड्वेन गेटल यांचा वयाच्या ३१ व्या वर्षी मृत्यू झाला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अल्बमवर शोकाची छाया आहे, कलात्मक निश्चय कमी आहे. २००० साली ड्रेस्डेन येथील महोत्सवात की व ओगर पुन्हा एकत्र आले. 'द ग्रेटर राँग ऑफ द राइट' (२००४) पासून शब्द स्पष्ट झाले, विधाने थेट झाली. अनेक जुन्या श्रोत्यांना हा ऱ्हास वाटला. तो ऱ्हास म्हणण्यापेक्षा निवेदकाचा पालट म्हणणे अधिक बरोबर होईल : कुत्रा आता माणसाची भाषा शिकला आहे, आणि ती शिकताच त्याला सामान्य वक्त्यासारखे मतप्रदर्शन करावेसे वाटते. 'वेपन' (२०१३) मध्ये १९८४ सालचे 'सॉल्व्हेंट' पुन्हा ध्वनिमुद्रित झाले. दोन्ही एकापाठोपाठ ऐकली की तीस वर्षांतील हे अंतर कानांनी मोजता येते.

याच अल्बमशी निगडित प्रसंगाने साऱ्या कारकिर्दीचा अर्थ मात्र हादरतो. ग्वांतानामो बे येथील अमेरिकेच्या बंदिवासात कैद्यांच्या छळासाठी आपले संगीत किमान चार वेळा वापरले गेल्याचे बँडच्या कानावर आले. २०१४ साली त्यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्याला ६,६६,००० डॉलरचे देयक धाडल्याचे जाहीर केले. तेच देयक 'वेपन'चे मुखपृष्ठ करावे, असाही विचार पूर्वी झाला होता. आकड्यातला ६६६ हा 'व्हिव्हिसेक्टसिक्स'च्या शीर्षकातून आलेला उघड आहे. विनोद कडवट आहे, आणि पुरेसा नाही.

पुरेसा नाही याचे कारण असे. छळ झालेल्या देहाचा आवाज ऐकवणे हे या संगीताचे प्रयोजन. त्याच आवाजाचा छळासाठी वापर झाल्याचे कळणे म्हणजे केवळ विनापरवाना वापराची बाब नव्हे. स्कॅरी यांच्या विवेचनात छळाला दोन अंगे असतात, वेदना आणि चौकशी. वेदना देऊन माणसाकडून शब्द काढून घेतले जातात. ज्या संगीताने स्पष्ट शब्दांवर तीस वर्षे अविश्वास दाखवला, ते शब्द वदवून घेण्याच्या यंत्रणेला जोडले गेले. लेखकाचा हेतू संहितेला बांधून ठेवू शकत नाही हे तत्त्व चर्चासत्रात मांडणे सोपे असते. येथे ते बंद खोलीत, कोणाच्या तरी कानांवर सिद्ध झाले.

तरीही सगळा दोष संदर्भावर ढकलून संहितेला मोकळे करणे योग्य नाही. कोणतेही मोठ्या आवाजातील संगीत छळासाठी वापरता येते, हा बचाव अर्धाच खरा आहे. या ध्वनिरूपात श्रोत्यावर चालून जाण्याची शक्ती हेतुतः घडवलेली होती. प्रेक्षकाला सुखासीन राहू द्यायचे नाही, त्याला मेजावर बांधलेल्या प्राण्याच्या जागी न्यायचे, ही १९८८ सालची प्रतिज्ञा होती. ती प्रतिज्ञा ज्या एका गोष्टीवर टेकलेली होती, ती कुठेच उच्चारलेली नव्हती : श्रोता तिकीट काढून आलेला आहे आणि असह्य झाले तर तो दाराबाहेर जाऊ शकतो. रसशास्त्रातही सहृदयाची लक्षणे तपशिलाने सांगितली आहेत, पण तो मोकळा असावा असे वेगळे सांगण्याची गरज कोणाला पडली नाही. ते गृहीत होते. बांधून बसवलेल्या माणसापुढे बीभत्स रस नसतो, नुसती जुगुप्साही नसते. उरतो तो हल्ला.

बँडने २०२३ साली अखेरचा दौरा करून काम थांबवले. 'लास्ट राइट्स' आज ऐकणारा श्रोता मात्र हा उत्तरार्ध ठाऊक असलेला श्रोता आहे. 'डाउनलोड'मधला तो भाषेपलीकडचा कण्हणारा आवाज १९९२ साली एका व्यसनी माणसाचा आणि एका कल्पित कुत्र्याचा होता. आता त्यात तिसरा कोणीतरी मिसळला आहे, ज्याने तो ऐकण्याचे कधीच निवडले नव्हते. तीन आवाज वेगळे करून ऐकणे शक्य नाही. ध्वनीची वीणच तशी आहे.