नोंद आणि भूक : आहाराच्या रोजनिशीचे वाचन

१

रोजनिशी हा लेखनप्रकार आपल्या समीक्षेत बहुधा आत्मचरित्राच्या पंक्तीला बसवून अभ्यासला जातो. लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाचा किती खोल शोध घेतला, हा तिच्या मूल्यमापनाचा निकष ठरतो. या निकषाचा एक परिणाम असा की, ज्या रोजनिशीत मनाचे व्यापार नाहीत, केवळ काय खाल्ले व किती खाल्ले एवढेच आहे, ती साहित्यविचाराच्या कक्षेबाहेर राहते. समाजेतिहासाचे एक साधन यापलीकडे तिला मोल दिले जात नाही. आत्मनिष्ठेचा हा निकष अपुरा का आहे, हे आहाराच्या नोंदी करणाऱ्या दोन संहितांच्या आधारे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठीपुरते पाहिले तरी रोजच्या नोंदीची परंपरा अंतर्मुखतेतून सुरू झालेली नाही. पेशवे दप्तरातील रोजकीर्दी हे दिवसाच्या जमाखर्चाचे कागद आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून निवडलेले उतारे पुढे 'रोजनिशी' याच नावाने प्रसिद्ध झाले. त्या लेखनाला तारीख आहे, बाब आहे, रक्कम आहे. मन उकलणारा 'मी' नाही. तेव्हा हिशेब आणि रोजनिशी यांचे नाते आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. खरा प्रश्न वेगळा आहे : हिशेब साहित्य केव्हा होतो?

२

झोर्झ पेरेक (१९३६–१९८२) या फ्रेंच लेखकाने १९७४ या एका वर्षात आपण जे जे खाल्ले आणि प्यायले त्याची यादी केली. ती १९७६ मध्ये 'आक्सियाँ पोएतिक' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. शीर्षकातच त्याने या यादीला 'प्रयत्न' म्हटले आहे, आणि खाण्यासाठी योजलेले क्रियापद 'गिळणे' या अर्थाच्या जवळ जाणारे आहे. शीर्षक ओलांडले की क्रियापद संपते. उरतात संख्या आणि नामे : सुरुवातीला सूप, पुढे मांसाचे नाना प्रकार, चीज, गोड पदार्थ, नंतर मद्ये.

या संहितेतील सर्वांत महत्त्वाची कृती वर्गीकरणाची आहे. नोंदी वर्षभराच्या असल्या तरी छापील संहितेत एकही दिवस नाही. पेरेकने तारखा काढून टाकल्या आणि पदार्थ जातवार लावले. वर्षाचे रूपांतर एका अवाढव्य भोजनपत्रिकेत झाले. कोणता पदार्थ एकट्याने खाल्ला, कोणता मित्रांसोबत, कोणत्या दिवशी भूकच नव्हती, हे कळण्याचे सर्व मार्ग त्यामुळे बंद होतात. रोलाँ बार्थने १९६८ मधील 'वास्तवाचा परिणाम' या निबंधात फ्लोबेरच्या कथेतील बॅरोमीटरचे उदाहरण घेऊन असे दाखवले होते की, कथनाला निरुपयोगी असा तपशील 'हे वास्तव आहे' एवढेच सुचवण्याचे काम करतो. पेरेकच्या यादीला ही उपपत्ती लागू करता येत नाही. तपशील निरुपयोगी ठरायला भोवती कथन असावे लागते. येथे कथनच नाही. तपशील हीच संहिता आहे.

या यादीला निव्वळ खेळ मानण्याचा मोह होतो. ऊलिपो या गटाचा सदस्य आणि 'ई' हे अक्षर वर्ज्य करून कादंबरी लिहिणारा लेखक समोर असताना तो स्वाभाविकही आहे. परंतु शेवटाकडे एक नोंद आहे, जी या वाचनाला अडवते. मद्याच्या बाटल्यांपर्यंत काटेकोरपणे मोजत आलेला हा लेखक कॉफीशी येतो आणि संख्येच्या जागी बीजगणितातील 'एन' हे अक्षर ठेवतो. कॉफी मोजता आलेली नाही. जे सर्वांत नित्याचे, तेच हिशेबातून निसटले आहे. १९७३ मध्ये पेरेकने वृत्तपत्रांना न दिसणाऱ्या रोजच्या सामान्य गोष्टींकडे पाहण्याचे आवाहन केले होते; त्या कार्यक्रमाची मर्यादा त्याची स्वतःची यादीच एका अक्षरात नोंदवते.

ज्याचा पिता १९४० मध्ये युद्धात मरण पावला, ज्याच्या मातेला १९४३ मध्ये आउश्वित्झकडे नेण्यात आले आणि ज्याने १९७५ मध्ये आपल्या बालपणाच्या तुटपुंज्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले, त्या लेखकाला एका वर्षाचा आहार जपून ठेवावासा वाटणे हा केवळ योगायोग म्हणून सोडता येत नाही. तथापि चरित्र यादीवर लादणेही योग्य नव्हे. संहिता एवढेच सांगते : मोजण्याचा अट्टहास आहे, आणि तो एका जागी थांबतो.

३

मासाओका शिकी (१८६७–१९०२) हा जपानी कवी पाठीच्या कण्याच्या क्षयाने तोक्योतील नेगिशी येथील घरात अंथरुणाला खिळला होता. २ सप्टेंबर १९०१ रोजी त्याने 'ग्योगा मानरोकु' ही खासगी वही सुरू केली. शीर्षकाचा अर्थ 'उताणे पडून केलेली स्वैर टिपणे' असा आहे. याच काळात तो 'निप्पोन' या वृत्तपत्रासाठीही लिहीत होता. ही वही मात्र प्रकाशनासाठी नव्हती. तीत रेखाटने आहेत, हायकू आहेत, आणि दिवसामागून दिवस जेवणांच्या नोंदी आहेत : सकाळी पेज वा भात किती वाट्या, सोबत खारवलेले काय, दुपारी माशांचे कच्चे काप, मग दूध व कोको, गोड पाव, फळे. त्याच ओळींच्या शेजारी अतिखाण्याने आलेली ओकारी, पोटदुखी आणि जखमांवरील पट्ट्या बदलताना होणाऱ्या यातना आहेत.

शिकीने चित्रकलेतून घेतलेले 'शासेइ' म्हणजे प्रत्यक्षावरून रेखाटन हे तत्त्व काव्यात रुजवले. आहाराच्या नोंदी त्या तत्त्वाचे टोक आहेत असे म्हणता येईल. ज्याला बाग दिसते पण बागेत जाता येत नाही, त्याच्या हाताशी येणारे जग ताटापुरते उरते. या नोंदींत मृत्यूला तोंड देणारी जीवनेच्छा पाहणारे वाचन सहज सुचते. ते चुकीचे नाही, पण ते शिकीच्याच बाजूने केलेले वाचन आहे. वहीत आणखी कोणी आहे याचा त्याला विसर पडतो.

ही ताटे आई याए आणि बहीण रित्सू यांनी वाढली आहेत. नोंदीचा घाट 'मी खाल्ले' असा असल्यामुळे त्यांचे जेवण रोजच्या हिशेबात येत नाही. ते येते ते घाट मोडतो तेव्हाच. रित्सूवर चिडून शिकीने एके ठिकाणी तिच्या हटवादी, कोरड्या स्वभावाचे निष्ठुर वर्णन केले आहे. त्याच ओघात तो लिहून जातो की भाजी वा लोणचे असे एखादे तोंडीलावणे असले की तिचे जेवण होते, स्वतःसाठी मासे विकत घ्यावेत हे तिच्या स्वप्नातही येत नाही. तक्रार म्हणून लिहिलेले हे वाक्य वाचकाच्या हाती साक्ष होऊन येते. ऑक्टोबरच्या अखेरीस वाढदिवसानिमित्त तो बाहेरून दोन माणसांचे जेवण मागवतो आणि घरातील तिघे ते खातात. एरवी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लोणच्यावर भागवणाऱ्या आई-बहिणीला ते किती अपूर्व लागले असेल, हे त्या दिवशी त्याला दिसते. ताटांची संख्या आणि माणसांची संख्या यांतील तफावतीत त्या घराची अर्थव्यवस्था सामावली आहे.

त्याआधी, १३ ऑक्टोबरला, आई तार करायला गेलेली असताना एकटा पडलेल्या शिकीच्या मनात आत्महत्येचा विचार येतो. वहीत तो चाकू आणि टोच्याचे चित्र काढतो, व आत्मघात केलेला मावसभाऊ आपल्याला बोलावतो आहे असे लिहितो. यानंतरही जेवणांच्या नोंदी सुरू राहतात. या सातत्यात धैर्य आहे की केवळ सवय, हे नोंद सांगत नाही, आणि तिने ते सांगू नये हेच तिचे सामर्थ्य आहे.

४

पेरेक तारीख पुसतो, शिकी तारखेला धरून राहतो. एकाच्या यादीत शरीर नाही, दुसऱ्याच्या नोंदीत शरीर प्रत्येक घासानंतर बोलते. तरीही दोन्ही संहितांची वाङ्मयीनता एकाच ठिकाणी सिद्ध होते : मोजणीचा घाट जेथे अपुरा पडतो तेथे. पेरेकच्या संहितेत ती जागा एका अक्षराची आहे, शिकीच्या वहीत स्वयंपाकघराच्या कोपऱ्याची. मात्र दोहोंना समान मानता येणार नाही. न मोजलेली कॉफी ही लेखकाची गंमत ठरू शकते. न मोजलेले बहिणीचे जेवण गंमत ठरू शकत नाही.

आपल्याकडील घरगुती हिशेबाच्या वह्या, आजाऱ्याच्या पथ्याची टिपणे, उपासतापासाच्या नोंदी अभ्यासाला घेताना हा भेद उपयोगी पडेल. अशा लेखनात 'मी'चे अंतरंग सापडत नाही म्हणून ते बाजूला ठेवणे जितके चूक, तितकेच त्यातील तपशिलाच्या विपुलतेवर लुब्ध होणेही चूक. खाणाऱ्याची नोंद वाचताना ज्यांचे खाणे नोंदले गेले नाही, त्यांना त्याच पानावर शोधणे हे समीक्षेचे काम आहे. शिकीच्या वहीत ते सापडतात, कारण त्याची चीड आणि त्याची कृतज्ञता दोन्ही प्रामाणिक होत्या. ज्या वह्यांत ते सापडत नाहीत, तेथे त्यांची अनुपस्थितीही संहितेचा भाग म्हणूनच वाचावी लागेल.