पुतळीला 'नकली' म्हणण्याआधी

जुनी युरोपियन सोन्याची नाणी जमवणाऱ्यांपुढे पुतळीचं नाव काढा, बरेच जण नाक मुरडतात. त्यांना हवा असतो खरा व्हेनिसचा डुकाट. आपल्याकडची पुतळी म्हणजे नक्कल, दागिना, मोडीचा माल. हा निवाडा मला उलट्या टोकाने केलेला वाटतो.

डुकाट १२८४ पासून पाडला गेला. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. (व्हेनिसला राजा नव्हता, पण युरोपातल्या कितीतरी राजांनी याच मापाची नाणी पाडली.) नाण्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तिथला निवडलेला प्रमुख. आपल्या लोकांनी त्यात राम-सीता पाहिले आणि नाणं माळेत ओवलं. पुढे इथल्या कारागिरांनी स्वतः ठसे कोरले, तेव्हा लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या. संग्राहक नेमकं त्या रेघांवर बोट ठेवतात.

पण हातोड्याने ठोकलेल्या नाण्याची कड वेडीवाकडीच असते. कोणी कातरून चिमूटभर सोनं काढलं तरी डोळ्याला कळत नाही. इंग्लंडमध्ये १६६२ नंतर यंत्राने कडेवर अक्षरं किंवा नक्षी उमटवू लागले ते यासाठीच. म्हणजे अशा नाण्यात आधी वजन बघायचं, मग कस, आणि चेहरा शेवटी.

वीर स्टेशनला उतरून रायगडाला जाणाऱ्यांनी याचा दाखला तिथेच शोधावा. जून १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन कंपनीतर्फे गडावर होता. आमची नाणी तुमच्या मुलखात चालावीत, असं एक कलम इंग्रजांना हवं होतं. महाराजांचं उत्तर असं, की हे लिहायची गरजच नाही. कुठलंही नाणं आम्ही अडवत नाही, पण ज्यात रयतेचा तोटा होईल ते घ्यायची सक्तीही करणार नाही. मुघलांच्या नाण्याइतका कस आणि वजन असेल तर चालेल. नाण्यावर कोणाचं तोंड आहे, हा प्रश्नच नाही!

आता पुतळीला हीच कसोटी लावा. सराफाकडचं एक्स-रे यंत्र वरच्या काही मायक्रॉनचंच सोनं वाचतं. जुन्या नाण्याच्या पृष्ठभागातून तांबं-चांदी झिजून गेलेली असू शकते, त्यामुळे आकडा फुगतो. त्या कागदावर पूर्ण भरवसा ठेवू नका. आतलं सांगते ती घनता. साडेतीन ग्रॅम शुद्ध सोनं साधारण १८१ मिलिग्रॅम पाणी बाजूला सारतं, तेवढंच २२ कॅरेट सोनं १९८ च्या आसपास. फरक अवघा १७ मिलिग्रॅम. दहा मिलिग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा काटा इथे निरुपयोगी. एक मिलिग्रॅम दाखवणारा हवा, आणि पाण्यात बुडवलेल्या नाण्याला बुडबुडा चिकटलेला नको. डाग दिलेली कडी असेल तर तिचा कस वेगळा, तेही लक्षात घ्या.

हे न करता 'नकली' म्हणणं म्हणजे अक्षर वाईट म्हणून उत्तर चूक धरणं. शिवाय रेघा झालेली अक्षरं हाच तर पुरावा आहे: परक्या ठशाची इथल्या हातांनी केलेली नक्कल, आणि तरीही लोकांनी ती सोनं म्हणून स्वीकारली. किती कसाचं सोनं, हे एकेका पुतळीला विचारायला हवं. घरातली माळ मोडीत द्यायची ठरली असेल, तर आधी प्रत्येक पुतळीचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि कोरडं व पाण्यातलं वजन वहीत लिहा. मुशीत गेल्यावर यातलं काहीच परत मोजता येत नाही.