सतरा सप्टेंबरनंतरची पानं

जालन्यातल्या वाचकाला ज्यूंच्या संहाराबद्दल मराठीत वाचायचं असेल तर फार शोधावं लागत नाही. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आहे, वि. स. वाळिंबे यांचं ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ आहे. पण 1948 साली, निजामाच्या राजवटीत असलेल्या आपल्याच मराठवाड्यात काय झालं, असं विचारलं की हाती येतो तो निम्माच इतिहास.

हा पहिला निम्मा भाग, म्हणजे निजामाविरुद्धचा लढा, मराठीत जीव ओतून लिहिला गेला आहे. अनंत भालेरावांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा त्यातला सर्वांत भरीव ग्रंथ. स्वतः लढ्यात उतरलेल्या संपादकाची माहिती आणि धग दोन्ही त्यात आहेत. नरहर कुरुंदकरांचे लेख वेगळ्या कारणासाठी वाचावेत. लातूरचा वकील कासिम रझवी आणि त्याच्या सशस्त्र संघटनेतले रझाकार इतके माजले, त्यामागचं निजामी राजकारण ते उलगडून दाखवतात. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी यांच्या जोडीला हव्यातच. स्थानिक स्मरणिकांबद्दल मात्र असं म्हणवत नाही. हुतात्म्यांची नावं असतात, पण गाव, तारीख, साक्षीदार यांचा पत्ता नसतो. ज्यांनी प्राण दिले त्यांच्यावर हा अन्यायच आहे.

भारतीय लष्कराने हैदराबाद संस्थानावर केलेल्या ‘पोलीस ॲक्शन’मध्ये 15 सप्टेंबर 1948 रोजी गुरखा पलटणीची तुकडी जालन्यात आली. 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि आपली बहुतेक पुस्तकं तिथेच मिटतात. त्यानंतर गावोगाव मुसलमानांची जी कत्तल झाली, तिची चौकशी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने त्याच वर्षाअखेरीस केली. एकूण बळींचा तिचा अंदाज 27 ते 40 हजारांचा. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे. त्याखालोखाल औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक, या चारांत मिळून निदान 5 हजार. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. सरकारने तो अहवाल दडपून ठेवला.

ए. जी. नूरानींनी तो ‘द डिस्ट्रक्शन ऑफ हैदराबाद’ (2013) या इंग्रजी पुस्तकात छापला, हे त्यांचं मोठं काम. पण पुस्तकाचा बाज फिर्यादी वकिलाचा आहे. क. मा. मुन्शी तेव्हा हैदराबादेत भारत सरकारचे प्रतिनिधी होते. त्यांचं ‘द एन्ड ऑफ ॲन एरा’ शेजारी ठेवूनच नूरानी वाचावेत. टेलर शर्मन यांचं याच काळाबद्दलचं 2015 चं पुस्तक अधिक तोलून लिहिलेलं आहे, तेही इंग्रजीतच.

चांगलं पुस्तक ओळखायची माझी कसोटी एकच: लेखक आपल्या बाजूने मारलेल्या माणसांचं काय करतो? रझाकारांनी रक्तात बुडवलेलं गोरटा गाव आणि ‘ॲक्शन’नंतर उजाड झालेले मोहल्ले एकाच लेखकाच्या हातून, सारख्याच काळजीने लिहिले गेले पाहिजेत. रझाकारांच्या निषेधार्थ तहसीलदारी सोडणारे फरीद मिर्झा त्यात हवेत. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवल्याचं सुंदरलाल अहवाल सांगतो, तेही हवेत.

त्या वर्षी दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या घरात आहे. अंबड, परतूर, भोकरदनकडे अशी माणसं अजून भेटतील, उर्दू बोलणारी आणि मराठी बोलणारीही. त्यांच्या आठवणी नाव, गाव आणि तारखेनिशी उतरवून घेणारं पुस्तक मला मराठीत हवं आहे, आणि ते याच दोन-चार वर्षांत व्हायला हवं.