संशयिताचे चरित्र : ब्रिटिश गुन्हेमालिका आणि चरित्रनट

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील गुन्हेअन्वेषणाच्या मालिका सातत्याने पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न वारंवार उमटतो, आणि तो 'खून कोणी केला?' हा नसतो. 'या माणसाला आपण यापूर्वी कुठे पाहिले आहे?' हा तो प्रश्न होय. नटाचे नाव आठवत नाही. चेहरा, आवाजाची ठेवण, खांदे पाडून चालण्याची लकब मात्र ओळखीची वाटते. आणखी एखाद्या मालिकेत हाच गृहस्थ पाद्री होता की निवृत्त मेजर, याचा शोध मनात सुरू असतानाच इकडे तपास पुढे सरकलेला असतो. हा अनुभव प्रेक्षकाच्या अवधानातील त्रुटी मानून समीक्षेने बाजूला ठेवावा असा नाही. या कथनप्रकाराच्या घडणीतच तो अंतर्भूत आहे आणि त्याच्या आधारे या प्रकाराच्या सामर्थ्याची व मर्यादेचीही काही मीमांसा करता येते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

प्रथम संज्ञेविषयी. इंग्रजीतील 'कॅरॅक्टर अ‍ॅक्टर' या संज्ञेसाठी आपल्याकडे 'चरित्र अभिनेता' हा शब्द रूढ झाला तो हिंदी चित्रपटव्यवहारातून. हिंदीत 'चरित्र' म्हणजे पात्र, स्वभाव, शील. मराठीत मात्र शीलासाठी 'चारित्र्य' हा वेगळा शब्द आहे आणि 'चरित्र' म्हणजे जीवनवृत्तान्त. तेव्हा 'चरित्रनट' हा शब्द भाषाशुद्धीच्या दृष्टीने सदोष ठरवता येईल. परंतु गुन्हेमालिकेच्या संदर्भात हा दोषच उपकारक ठरतो. तासा-दीड तासाच्या भागात ज्याच्या वाट्याला दोन किंवा तीन प्रसंग येतात, त्या नटाने एका संपूर्ण आयुष्याची खूण पटवून द्यावी अशी येथे अपेक्षा असते. संहिता त्याचा वृत्तान्त सांगत नाही. तिला तेवढा अवकाशच नसतो. तो वृत्तान्त नटाने देहातून आणि वाणीतून सूचित करायचा असतो. मराठी अर्थाने तो खरोखरच चरित्रनट असतो.

ही अपेक्षा या प्रकारातच का निर्माण व्हावी? त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये रहस्यकथेच्या प्रकारभेदांची जी मांडणी केली ती येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते शुद्ध रहस्यकथेत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. पहिली कथा दुसरी सुरू होण्यापूर्वीच संपलेली असते. म्हणजे जी कथा महत्त्वाची ती अनुपस्थित, आणि जी उपस्थित तिला स्वतःचे असे वजन थोडेच. छापील कादंबरीत अनुपस्थित कथेचा पुरवठा निवेदक करू शकतो. एका परिच्छेदात वीस वर्षे सांगता येतात. पडद्यावर कॅमेऱ्यासमोर वर्तमानकाळच असतो. पूर्वदृश्यांचा आधार घेता येतो, पण तो फार घेतला तर रहस्य फुटते. अशा वेळी घडून गेलेली पहिली कथा वर्तमानात कोठे वसवायची, याचे उत्तर ब्रिटिश मालिकांनी संशयिताच्या चेहऱ्यात शोधले.

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केलेला सपाट आणि गोलाकार व्यक्तिरेखांचा भेद आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. पटेल अशा रीतीने आश्चर्यचकित करण्याची क्षमता ही गोलाकार व्यक्तिरेखेची कसोटी. या कसोटीवर संशयित मोठी अडचण उभी करतो. प्रेक्षकाने त्याला तत्क्षणी ओळखावे म्हणून तो सपाट असला पाहिजे. अखेरच्या दहा मिनिटांत तो खुनी निघाला तर पटावे म्हणून त्याच्यात गोलाई असली पाहिजे. शिवाय ही गोलाई एकट्या खुन्यापाशी असून भागत नाही. जे पाच जण निर्दोष ठरणार आहेत त्यांच्याही ठायी खून करण्याची शक्यता शेवटपर्यंत जिवंत राहावी लागते. या पाच जणांचा अभिनय मला नेहमीच अधिक कठीण वाटत आला आहे. खुन्याच्या अभिनयाला शेवटी उलगड्याची साथ मिळते. त्यांच्या अभिनयाला ती कधीच मिळत नाही.

या गरजेची पूर्ती करणारी संस्था ब्रिटनमध्ये आधीपासून होती. प्रांतोप्रांतीच्या रेपर्टरी नाटकमंडळ्यांत दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला नवे नाटक उभे करावे लागे, आणि नटाला थोड्या तालमीत संपूर्ण माणूस उभा करण्याची सवय लागे. दूरचित्रवाणीने हे भांडवल आयते उचलले. 'द बिल' (१९८४ ते २०१०) या पोलीस ठाण्यावरील मालिकेचे दोन हजारांहून अधिक भाग झाले. एवढ्या भागांना लागणारे साक्षीदार, भुरटे चोर आणि शोकाकुल नातलग कोठून आले असतील याची कल्पना करून पाहावी. 'इन्स्पेक्टर मोर्स'ची (१९८७ ते २०००) रचना अधिक विरळ होती : एकूण ३३ भाग, प्रत्येक जवळजवळ चित्रपटाच्या लांबीचा. मोर्सच्या भूमिकेत जॉन थॉ आणि लुईसच्या भूमिकेत केव्हिन व्हेटली कायम; बाकीचे ऑक्सफर्ड दर वेळी नव्याने वसवायचे. (कॉलिन डेक्स्टर यांच्या कादंबऱ्यांतला लुईस वेल्सचा आणि वयाने प्रौढ आहे, मालिकेने त्याला तरुण आणि ईशान्य इंग्लंडचा केले. हा फरक लहान नाही, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.)

मोर्स-मालिकेचा पहिलाच भाग 'द डेड ऑफ जेरिको' (जानेवारी १९८७) या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मोर्सच्या परिचयातील अ‍ॅन स्टेव्हली ही स्त्री घरात गळफास लागलेल्या अवस्थेत आढळते. तिच्या समोरच्या घरात जॉर्ज जॅक्सन नावाचा किरकोळ दुरुस्तीची कामे करणारा म्हातारा राहतो. तो खिडकीतून तिच्या घरात पाहत असतो; पाहिलेल्याचे पैसे करू पाहतो आणि त्यातच मारला जातो. ही भूमिका पॅट्रिक ट्राउटन यांनी केली. १९६६ ते १९६९ या काळात 'डॉक्टर हू' मध्ये दुसरे डॉक्टर म्हणून ब्रिटनमधील मुले त्यांना ओळखत होती. या भागानंतर तीन महिन्यांच्या आतच त्यांचे निधन झाले. जॅक्सनचे पूर्वायुष्य संहिता जवळजवळ सांगतच नाही. तरीही तो एकटा आहे, दुसऱ्याच्या घरातील उजेड ही त्याची एकमेव चैन आहे आणि त्याला मिळालेले ज्ञान त्याच्या ऐपतीपेक्षा मोठे आहे, हे आपल्याला कळते. विद्यापीठाच्या शहरात ज्ञानावर ज्यांची मालकी गृहीत धरली जाते त्यांच्यात तो बसत नाही, आणि नेमके त्यालाच सर्वांआधी कळलेले असते.

येथे एक रचनासूत्र हाती लागते. चोरून पाहणारा आणि त्यावर खंडणी उकळणारा हा रहस्यकथेतील केवळ दुय्यम खलपुरुष नव्हे. पहिली कथा अन्वेषकाच्या आधी त्याच्यापाशी असते. तोही एक अन्वेषकच. मात्र उलगडा सांगण्याऐवजी तो विकायला काढतो. म्हणून कथनाच्या नियमानुसार त्याचा मृत्यू अटळ होतो, कारण तो जगला तर दुसऱ्या कथेचे प्रयोजनच उरणार नाही. 'मिडसमर मर्डर्स'च्या पहिल्या भागात, 'द किलिंग्ज अ‍ॅट बॅजर्स ड्रिफ्ट'मध्ये (१९९७), हेच सूत्र माय-लेकांच्या रूपाने येते. आयरिस रेनबर्ड आणि तिचा मुलगा डेनिस, जो गावात अंत्यविधीचा व्यवसाय करतो, गावावर पाळत ठेवतात, त्यातून पैसे मिळवतात आणि दोघेही मारले जातात. एलिझाबेथ स्प्रिग्ज या रंगभूमीवरील मातब्बर नटीने आयरिसचा गोडवा असा रंगवला आहे की, त्या घरात कोणी चहा दिला तर पिऊ नये असे वाटते. ट्राउटन यांच्या अभिनयात करुणेला जागा होती. येथे ती जवळजवळ नाही. सूत्र एकच असूनही चरित्रे दोन, आणि दोन्ही नटांनी निर्माण केलेली.

पुढे जे घडले ते अधिक लक्षणीय आहे. 'डेड लेटर्स' (२००६) या भागात स्प्रिग्ज आणि डेनिसचे काम केलेले रिचर्ड कँट यांना पुन्हा माय-लेक म्हणूनच आणले गेले, आणि त्यांचे साम्य न लपवता त्यांना मृतांचे नातलग ठरवले गेले. मार्व्हिन कार्लसन यांनी २००१ मध्ये रंगभूमीविषयी लिहिताना नटाच्या मागील भूमिका त्याच्या नव्या भूमिकेला झपाटतात असे प्रतिपादन केले होते. येथे तो झपाटलेपणा मालिकेने सरळ कथानकात घेतला. 'याला कुठे पाहिले?' हा प्रेक्षकाचा प्रश्न प्रथमच मालिकेच्या जगाच्या आतून विचारला गेला. प्रसंग विनोदी आहे, पण त्यात एक कबुलीही आहे.

या प्रश्नाला प्रतिष्ठा देणारी अन्वेषक मात्र फार पूर्वीच अवतरली होती. अ‍ॅगथा ख्रिस्तींच्या मिस मार्पलची पद्धत काय आहे? समोरचा संशयित तिला आपल्या खेड्यातील कोणाची तरी आठवण करून देतो. त्या माणसाने जे केले तेच हाही करील असे ती ताडते. चरित्रनटांचे चेहरे ओळखणारा प्रेक्षक आणि मिस मार्पल यांची ज्ञानरीती एकच आहे. म्हणूनच बीबीसीच्या मालिकेत (१९८४ ते १९९२) ही भूमिका जोन हिक्सन यांच्याकडे जावी यात मला विलक्षण औचित्य दिसते. त्यांचा जन्म १९०६ चा. आयुष्यभर मोलकरणी, घरमालकिणी, शेजारणी अशा लहान भूमिका केलेली ही नटी. १९६१ च्या 'मर्डर, शी सेड' या चित्रपटात मार्गारेट रदरफर्ड मिस मार्पल होत्या आणि हिक्सन त्यात मिसेस किडर नावाच्या घरकाम करणाऱ्या बाईच्या भूमिकेत होत्या. ज्या बाईकडे खोलीतील कोणाचे लक्ष जात नाही तीच सर्व पाहत असते, हे मार्पलचे रहस्य हिक्सन यांना अभिनयाने साधावे लागले नाही. तो त्यांच्या कारकिर्दीचाच वृत्तान्त होता. डेव्हिड सुशे यांचेही असेच. १९८५ च्या 'थर्टीन अ‍ॅट डिनर'मध्ये पीटर युस्तिनॉव्ह यांच्या प्वारोसमोर ते इन्स्पेक्टर जॅप होते. १९८९ पासून २०१३ पर्यंत ते स्वतः प्वारो झाले. तरीही हिक्सन यांचे उदाहरण मला अधिक सखोल वाटते. सुशे यांनी वेष पालटला. हिक्सन जेथे होत्या तेथेच राहिल्या आणि कॅमेरा त्यांच्याकडे वळला.

आतापर्यंतच्या विवेचनात गौरवाचा सूर आहे. तो येथे थांबवला पाहिजे. कारण चेहरा पाहताच चरित्र कळते ते कोणाचे? ज्याच्या वर्गाची, बोलीची, पोशाखाची वर्गवारी प्रेक्षकाला आधीच पाठ आहे त्याचे. डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी १९४८ च्या आपल्या निबंधात रहस्यकथेला बंदिस्त समाज लागतो, म्हणजे खुनी बाहेरचा असण्याची शक्यता उरत नाही, असे दाखवले होते. २०११ मध्ये 'मिडसमर मर्डर्स'चे निर्माते ब्रायन ट्रू-मे यांनी मुलाखतीत या मालिकेत वांशिक अल्पसंख्याकांना स्थान नसल्याचे समर्थन केले. त्यावरून त्यांना निलंबित केले गेले आणि पुढे ते मालिकेतून बाहेर पडले. वाद झाला तो प्रतिनिधित्वाच्या अंगाने, आणि तो योग्यच होता. परंतु रूपबंधाच्या अंगाने पाहिले तर हानी आणखी खोल आहे. या कथनप्रकारात संशय हा अपमान नसतो. ज्याच्यावर संशय घेतला जातो त्याला भूतकाळ आहे, गुपित आहे, त्याच्या मनात काही चालले आहे हे मान्य केलेले असते. संशयितांच्या यादीत ज्याला जागा नाही त्याला चरित्रच नाही.

मग आशियाई नटाला कोठे जागा मिळाली? सईद जाफरी यांनी फिलिप मार्टिन यांच्या 'गँगस्टर्स' (१९७५ ते १९७८) या बर्मिंगहॅममधील मालिकेत रफिकची भूमिका केली. अवैध स्थलांतराच्या धंद्याशी गुंतलेला हा माणूस जाफरी यांनी कमालीच्या आदबीने आणि थंडपणे उभा केला. पण 'गँगस्टर्स' हा थरारकथेचा प्रकार आहे. तोदोरोव्ह यांच्याच मांडणीनुसार थरारकथेत पहिली कथा लोपते. जे घडते ते डोळ्यांसमोर, वर्तमानात. तेथे माणसाला भूतकाळ असलाच पाहिजे असे नाही. थोडक्यात, आशियाई नटाला गुन्हेगार होता येत होते, संशयित होता येत नव्हते. जिमी मॅकगव्हर्न यांच्या 'क्रॅकर'मधील 'टू बी अ समबडी' (१९९४) या कथेत अ‍ॅल्बी किन्सेला चार पेन्स कमी पडल्याच्या निमित्ताने एका पाकिस्तानी दुकानदाराचा खून करतो. तेव्हा फारसे प्रसिद्ध नसलेले रॉबर्ट कार्लाइल यांनी अ‍ॅल्बीचा क्रोध, वडिलांच्या मृत्यूचे दुःख, १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेची जखम हे सारे तीन भागांत इतक्या ताकदीने साकारले की आज ती भूमिका अभिजात मानली जाते. मीही ती मानतो. पण त्या दुकानदाराच्या वाट्याला आलेली मिनिटे कोणी मोजावीत.

२०११ नंतर 'मिडसमर'ची कुंपणे सैल झाली. २०१६ मध्ये मनजिंदर विर्क या डॉ. कॅम करिमोर म्हणून मालिकेत आल्या आणि त्यांनी ती भूमिका नेमक्या, कोरड्या विनोदाने वठवली. त्यांचे काम शवविच्छेदनाचे होते. म्हणजे पुन्हा त्या तपासाच्या, दुसऱ्या कथेच्या बाजूलाच होत्या.