‘एकनफील्ड’ : गावाचे बोलणे आणि लेखकाची लेखणी

इंग्लंडमधील खेडे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, ते बहुधा शाळेतील इंग्रजी क्रमिक पुस्तकांनी घडविलेले असते : दगडी चर्च, हिरवे कुरण, फाटकाशी उभा असलेला समाधानी शेतकरी. रोनाल्ड ब्लाइथ यांचे ‘एकनफील्ड’ (१९६९) हे चित्र आरंभीच मोडते. सफोक परगण्यातील एक वृद्ध शेतमजूर तेथे आपली हकीगत सांगतो. १९१४ साली तो पलटणीत भरती झाला आणि कवायतीच्या काही महिन्यांतच त्याचे वजन सुमारे सहा किलोंनी वाढले. लोक म्हणाले, तिथले अन्न मानवले. त्याचे स्वतःचे निदान निराळे आहे : जन्मात प्रथमच शेतातले राबणे सुटले होते! पुढे हाच मनुष्य गॅलिपोलीच्या रणभूमीवर जातो.

‘एकनफील्ड’ हे नाव नकाशावर सापडणार नाही. चार्सफील्ड आणि डेबिज या शेजारच्या गावांत १९६६-६७ च्या हिवाळ्यात ब्लाइथ लोकांशी बोलत हिंडले आणि त्यातून त्यांनी हे गाव रचले. लोहार, शाळामास्तर, परिचारिका आणि सरतेशेवटी थडगी खणणारा, असे एकेक जण आपापल्या तोंडाने बोलतात. जुन्या काळी घरोघर वृद्धांची मायेने सेवा होत असे, ही गोड समजूत परिचारिका खोडून काढते. मजुराचे घर मालकाचे; काम गेले की छप्परही गेले. या मजुरांना घराचे कायदेशीर संरक्षण मिळाले ते १९७६ साली, म्हणजे पुस्तकानंतर सात वर्षांनी. ब्लाइथ (१९२२–२०२३) स्वतः सफोकच्या शेतमजूर घराण्यातले, त्यांचे वडीलही गॅलिपोलीला लढलेले. ऐकणारा परका नव्हता, म्हणूनच लोक इतके मोकळे झाले असावेत.

चर्चच्या घंटा वाजविणाऱ्यांचे प्रकरण आम्हांस विशेष वाटते. येथे सूर वाजवायचे नसतात. घंटांचा क्रम दर वेळी बदलत न्यायचा आणि एकही क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. आठ घंटांचे असे ४०,३२० क्रम होतात. १९६३ साली लफबरो येथे आठ जणांनी ते सारे न थांबता सुमारे अठरा तासांत वाजविले. दिवसभर नांगरामागे चालणाऱ्या माणसांनी असले गणित अंगात मुरवावे, ही गोष्ट कोणत्याही धर्मोपदेशापेक्षा त्या पॅरिशविषयी अधिक सांगते.

मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांनी या पुस्तकावर आक्षेप घेतले : नावे बदललेली, बोलणी शब्दशः नोंदलेली नाहीत, लेखकाचा हात सर्वत्र फिरलेला. आक्षेप खरा आहे. लोहार आणि मास्तर यांची वाक्ये पुष्कळदा एकाच चालीने चालतात आणि ती चाल ब्लाइथ यांची आहे. पुरावा म्हणून हे पुस्तक जपूनच हाताळावे लागेल.

परंतु येथे त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) आठवल्यावाचून राहत नाही. मुलकी खात्यात मुरलेल्या आत्र्यांची माहिती अचूक, दृष्टी तीक्ष्ण, भाषा तर हेवा वाटावी अशी. कुणबी, बलुतेदार, फिरस्ते, त्यांचे हक्क, यांतले काही सुटत नाही. मात्र कुणब्याविषयी बोलणारे आत्रेच आहेत. कुणबी स्वतः क्वचितच बोलतो. आपल्या कुलवृत्तान्तांची गोष्ट तर याहून पुढची. दक्षिणेतून वा कोकणातून निघून माळव्यात, गुजरातेत स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांनी मूळ गाव आडनावात जपले, कुलदैवत जपले, इनामाच्या सनदाही जपल्या. त्या इनामी जमिनीत कोण राबत होते, हे किती कुलवृत्तान्तांत सापडते? ब्लाइथ यांची लेखणी बोलणाऱ्यांच्या शब्दांत मिसळली, हा दोष आम्ही मान्य करतो. न विचारण्याचा दोष मात्र त्यांच्याकडे नाही.

पीटर हॉल यांनी यावरून केलेल्या चित्रपटात (१९७४) नटांऐवजी गावकरीच उभे राहिले आणि संवादही त्यांनी आपले आपणच बोलले. त्याच्या केंद्रस्थानी आजोबांच्या अंत्यविधीच्या दिवशी गाव सोडावे की नाही, या विचारात पडलेला तरुण आहे. आजोबाही एकदा निघाले होते. कामाच्या शोधात चाळीस मैल चालून ते न्यूमार्केटला गेले. काम मिळाले नाही, म्हणून तितकेच चालत परत आले.