‘सावकारी पाश’ : एका मूकपटाचा पुनर्विचार

बाबूराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ या १९२५ सालच्या मूकपटाविषयी जे लिहिले जाते, त्यात आदर पुष्कळ असतो. विचार मात्र थोडा. भारतातील वास्तववादी चित्रपटाचा आरंभ, हे बिरुद एकदा बहाल केले की लेखकाचे कर्तव्य संपते. परंतु बिरुद म्हणजे मूल्यमापन नव्हे. हा चित्रपट आज उपलब्ध नाही. तेव्हा त्याविषयी जपूनच बोलले पाहिजे. तथापि जे निश्चितपणे ठाऊक आहे, तेवढ्याच्या आधारेही एक प्रश्न विचारता येतो : विषय नवा होता एवढ्यानेच का हा चित्रपट मोठा ठरतो, की त्या विषयाचे आणि मूकपटाच्या मुकेपणाचे काही आंतरिक नाते होते?

कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना ‘पेंटर’ हे नाव मिळाले ते चित्रकलेवरून. त्यांचे बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. आनंदराव १९१६ साली निवर्तले; पुढे दामल्यांच्या साहाय्याने बाबूरावांनी स्वदेशी कॅमेरा पुरा केला आणि ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात झळकला. १९२३ च्या ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. ही सारी कथानके प्रेक्षकांच्या परिचयाची होती. कीचक पडद्यावर येताच त्याचे भाषण प्रेक्षक मनातल्या मनात करू शके. कीर्तनकाराने आणि नाटककाराने ते त्याला आधीच शिकविलेले होते. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनाही हीच सोय लाभली होती. मूकपट मुका होता, पण प्रेक्षकाच्या स्मरणात शब्द भरलेले होते.

‘सावकारी पाशा’त बाबूरावांनी ही सोय टाकून दिली. नारायण हरी आपटे यांच्या या कथेतील शेतकऱ्याची जमीन बनावट दस्तऐवजाच्या जोरावर सावकार हिरावून घेतो आणि तो शेतकरी शहरात येऊन गिरणीकामगार होतो. १८७५ साली दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, ते याच कागदाच्या धाकापोटी. १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा झाला तरी तो धाक संपला नव्हता. तेव्हा विषय प्रेक्षकांच्या घरचाच होता; मात्र त्याला पुराण नव्हते, पोवाडा नव्हता, पाठ असलेली वाक्ये नव्हती.

येथेच आम्हांस या चित्रपटाचे मर्म दिसते. मूकपटात दृश्यांच्या मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येत. त्या काळच्या प्रेक्षागृहात बहुसंख्य लोकांना त्या वाचता येत नसत. जो साक्षर असेल तो मोठ्याने वाची आणि बाकीचे विश्वासाने ऐकत. आता पडद्यावर काय चालले आहे? एक मनुष्य कागदापुढे उभा आहे आणि त्यातील अक्षरांवरून त्याच्या जमिनीचा निवाडा होतो आहे. निरक्षर प्रेक्षक आणि फसलेला शेतकरी हे दोघेही एकाच जागी उभे आहेत. अक्षर ज्याच्या हाती, सत्ता त्याची. बाबूरावांनी हे योजून केले असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु माध्यमाची उणीव विषयाचे बळ व्हावी, असा योग कलेत क्वचित येतो. तो येथे आला होता.

दुसरी साक्ष जे. बी. एच. वाडिया यांची. अंधुक प्रकाशात टिपलेली एक उदास झोपडी आणि तिच्यापाशी रडणारा कुत्रा, एवढेच दृश्य त्यांच्या मनातून अनेक वर्षांनंतरही गेले नव्हते. चित्रपट मूक, आणि स्मरणात राहिले ते कुत्र्याचे रडणे! रंगविलेल्या पडद्यांच्या सान्निध्यात वाढलेल्या चित्रकाराने येथे रंग आणि झगमग दोन्ही बाजूला ठेवून छायेने ध्वनी उत्पन्न केला. १९३६ साली बाबूरावांनी स्वतःच याच नावाचा बोलपट काढला. परंतु शब्द आल्यावर कथा तीच राहिली तरी हा योग पुन्हा येणे शक्य नव्हते. म्हणून बोलपटावरून मूकपटाची कल्पना करणे आम्हांस मान्य नाही.

मूकपटाला त्या वेळी बेताचाच आश्रय मिळाला आणि बाबूराव पुन्हा भरजरी कथानकांकडे वळले. त्यातील तरुण शेतकरी झालेल्या शांतारामांनी पुढे ‘प्रभात’मध्ये सामाजिक चित्रपट काढले, हे सर्वश्रुत आहे.

याच सुमारास दूर व्हिएन्नातही असेच काही घडत होते. केर्तेस यांनी १९२२ साली ‘सदोम आणि गमोरा’ या नावाचा प्रचंड देखाव्यांचा चित्रपट काढला, आणि दोनच वर्षांनी ब्रेस्लाउअर यांनी ‘ज्यूंविना शहर’ काढून आपल्याच नगरीतील द्वेष पडद्यावर आणला. मूळ कादंबरीचे लेखक बेटाउअर यांचा १९२५ साली गोळी घालून खून झाला. या चित्रपटाची अपुरी प्रत १९९१ साली ॲम्स्टरडॅममध्ये आणि दुसरी २०१५ साली पॅरिसच्या जुन्या बाजारात सापडली. लोकांनी वर्गणी दिली आणि २०१८ साली चित्रपट पुन्हा दाखविला गेला. आपल्याकडे तेराशेंच्या आसपास मूकपट निघाले; त्यांतील फारच थोडे उरले. पुण्याचे चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर बहुतेक फिती नष्ट झाल्या होत्या.

भिलाईत बसून हे लिहिताना विषय परका वाटत नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर येथील गावांच्या शेतजमिनीवर पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. नांगर सोडून भोंग्याच्या वेळेवर चालू लागलेल्या माणसांची ही नगरी. येथे सावकार नव्हता, योजना होती, हा भेद मोठा आहे आणि तो पुसून टाकणे अन्यायाचे होईल. परंतु शेतापासून यंत्रापर्यंतची वाट तीच. शिवाय या नगरीत मराठी, छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली माणसे शेजारी राहतात. पाट्या बदलल्या की मूकपट या साऱ्यांचा होई. बोलपटाने मराठी चित्रपटाला वाणी दिली आणि त्याबरोबरच सीमाही.

तेव्हा ‘सावकारी पाशा’ला केवळ अग्रपूजेचा मान देऊन भागणार नाही. नाटकाची आणि कादंबरीची जशी आपण चिकित्सा करतो, तशी चित्रपटाचीही झाली पाहिजे, आणि ती व्हावयाची तर फिती जपल्या पाहिजेत. एका झोपडीचे दृश्य एका रसिकाच्या आठवणीत टिकले म्हणून आज आपण त्यावर दोन शब्द तरी बोलू शकतो. बाकीच्या चित्रपटांच्या वाट्याला तेवढेही भाग्य आलेले नाही.